रेवणप्पाची निरगाठ

रेवणप्पाला काळजी करायला कारण लागत नसे. ढग आले तर दुकानातले दोर भिजतील, ढग नाही आले तर जोंधळा करपेल आणि मग दोर घ्यायला येणार कोण, अशी त्याची दोन्हीकडून सोय असे. मंद्रूपच्या पेठेत त्याचं बारकंसं दुकान होतं. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगूरमाळा, शिंगांच्या टोकांवर बसवायच्या पितळी शेंब्या, बैलाच्या अंगावर चढेल ते सगळं तिथं मिळे. गिऱ्हाइकानं कासरा घेतला की हा त्याला दारापर्यंत पोचवायला जाई, "तुटला तर लगेच आणून द्या" असं बजावी, आणि मग दिवसभर तो कासरा तुटून बैल विहिरीत पडल्याचं मनातल्या मनात बघत बसे. "ह्यांच्या पोटात घुबड बसलंय," त्याची बायको निंगव्वा म्हणायची, "आपलं घुमतंय रातंदीस."

आणि नेमक्या याच माणसाला पंचक्रोशीनं असं काम दिलं होतं, की ज्याला छाती लागते. गाड्यांच्या शर्यतीतली पैज रेवणप्पा धरायचा.

पैज धरण्याची तिथली रीत अशी होती. शर्यतीआधी दोघं गाडीवाले रेवणप्पासमोर बसत. ज्यानं जे लावलं असेल ते, किंवा त्याची खूण, रेवणप्पाच्या उपरण्याच्या एकेका टोकात बांधली जाई. मग दोन्ही टोकं एकमेकांत घालून रेवणप्पा निरगाठ मारी, उपरणं खांद्यावर टाकी आणि शर्यतीच्या वाटेकडे पाठ करून बसे. पैज धरणाऱ्यानं शर्यत बघायची नाही. बघितली की मन कुणाकडे तरी झुकतं, आणि मन झुकलेल्या माणसाच्या खांद्यावर आपला ऐवज कोण ठेवील? गाड्या पाठीमागून धुरळा उडवत निघून जात, माणसं बोंबलत, टोप्या उडत, आणि रेवणप्पा समोरच्या बाभळीकडे बघत गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसलेला असे. निकाल त्याला एकच माणूस सांगू शके, तो म्हणजे हरलेला. हरलेल्यानं स्वतः यायचं, समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "सोड." मग गाठ सुटे आणि दोन्ही टोकांतला ऐवज जिंकलेल्याच्या हाती जाई. जिंकलेल्याच्या सांगण्याला किंमत नव्हती, पंचांच्या नव्हती, घसा फोडणाऱ्या गर्दीच्या तर नव्हतीच नव्हती. आणि गाठ सुटेपर्यंत उपरणं खांद्यावरून उतरायचं नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं.

याबद्दल रेवणप्पाला काय मिळे? सुपारीचं खांडसुद्धा नाही. "घेतलं की संपलं," असं बाप सांगून गेला होता. आधी पैज बापच धरायचा. बाप गेल्यावर नवा माणूस कोण, याची चर्चा निघाली तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालं, "रेवणप्पाच बरा की. इतका भित्रा माणूस लबाडी करंलच कशी?" सगळे हसले, पण काम त्यालाच मिळालं. आणि खरोखर, त्याच्या हातून एक गाठ कधी रीत सोडून सुटली नव्हती. एरवी पेठेत त्याला कुणीही "ए रेवणप्पा" करून हाक मारी. खांद्यावर गाठ असली की तेच लोक सरकून जागा देत आणि "बसा रेवणप्पा" म्हणत. गरीब माणसाला एवढं पुष्कळ झालं. रेवणप्पाला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान सोडला तर त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतं.

सव्वीस सालच्या चैतात जत्रेला मोठी शर्यत लागली. एका बाजूला हिंदुराव. चांगली बागाईत, भरदार मिशा, आणि बाशिंग्या नावाचा बैल. कपाळावर बाशिंग बांधल्यासारखा पांढरा पट्टा म्हणून बाशिंग्या. पोटच्या पोरांना हिंदुरावानं कधी मांडीवर घेतलं नसेल, पण या वासराला त्यानं स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलं होतं. दुसऱ्या बाजूला चन्नप्पा, पेठेतला आडत्या. त्याचं दुकान रेवणप्पाच्या दुकानासमोरच होतं. वाण्यानं तराजू धरावा, चाबूक कशाला, असं हिंदुराव चारचौघांत बोलला आणि चन्नप्पाला ते लागलं. बोलाबोली वाढली. चन्नप्पानं बायकोचा, काशम्माचा, चांदीचा कंबरपट्टा आणून ठेवला. हिंदुराव तापलेलाच होता. तो म्हणाला, "मग माजा बाशिंग्या." बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण शब्द गेला होता. खूण म्हणून त्यानं बाशिंग्याच्या शिंगांच्या शेंब्या काढून दिल्या, आणि रेवणप्पानं गाठ मारली.

बाशिंग्याची गाडी हातभर मागं राहिली, असं जत्रेतलं पोरगंसुद्धा सांगत होतं. रेवणप्पा बाभळीकडे बघत बसला. हिंदुराव आला नाही. माणसं पांगली, पाळणेवाले पाळणे उतरवायला लागले, तरी रेवणप्पा बसलेलाच. शेवटी निंगव्वा आली आणि त्याला घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कळलं, हिंदुराव म्हणतोय की चन्नप्पाच्या गाडीवाल्याच्या चाबकाची वादी बाशिंग्याच्या डोळ्याला लागली, म्हणून बैल बुजला. ही काय शर्यत झाली? वादी लागताना कुणी बघितली नव्हती. पण हिंदुरावाला कोण सांगणार?

आजवर असं झालं नव्हतं. फार तर दिवस मावळेपर्यंत ताणून धरणारे असत, पण शेवटी मान खाली घालून येत. आता वैशाख गेला, ज्येष्ठ निम्मा झाला, तरी गाठ रेवणप्पाच्या खांद्यावर. कासरा मोजताना गाठ, जेवताना गाठ, देवळात गाठ. उपरणं मळलं, त्याला घामाचा वास यायला लागला, धुवायची सोय नाही. लोक आधी "बसा रेवणप्पा" म्हणायचे, ते आता हसायला लागले.

त्यातच एका बाजारच्या दिवशी शिवयोगी मास्तर पेपर घेऊन त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मास्तर मोठ्यानं वाचत, म्हणजे पेपरचे पैसे वसूल होत. मुंबईच्या कौन्सिलानं शर्यतीच्या पैजांवर कर बसवल्याला वर्ष होत आलं, त्यातून सरकारला किती पैसा मिळाला, असं काहीतरी त्यात होतं.

रेवणप्पाच्या हातातली वेसण खाली पडली. "पैजंवर? कायदा?"

"घोड्यांच्या शर्यतीवर. मुंबईला, पुण्याला. सरकारनं ज्या मैदानाला परवाना दिलाय तिथं पैज लावली तर गुन्हा नाही, कर भरला की झालं."

"आणि परवाना नसंल तर?"

"तर जुगार," मास्तर म्हणाले. पान उलटताना त्यांची नजर उपरण्यावर गेली आणि त्यांना जरा गंमत करावीशी वाटली. "जुगारात ऐवज ज्याच्याजवळ सापडतो ना रेवणप्पा, पहिल्यांदा त्याला नेतात."

मास्तर चहा पिऊन घरी गेले आणि विसरले. रेवणप्पाच्या पोटातल्या घुबडाला मात्र सहा महिन्यांचं खाद्य मिळालं. आजवर चोरी, मारामारी, सावकारी यांतल्या कशाशी त्याचा संबंध आला नव्हता. सरकार ही गोष्ट सोलापुरात राहते आणि आपण मंद्रूपला राहतो, एवढ्यावर त्याचं ठीक चाललं होतं. आता सरकार त्याच्या खांद्यावर येऊन बसलं होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प राहिला असता. पण भित्र्या माणसाला गप्प बसवत नाही. कायदा परवाना मागतोय ना, मग परवाना काढावा, कर असेल तो भरावा आणि सुखानं झोपावं, असं त्यानं ठरवलं. निंगव्वानं विरोध केला. "बेडा, बेडा," ती कानडीत नको नको म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्यानं ऐकलं नाही. धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर ती मळकी गाठ घेऊन तो मोटारीनं सोलापूरला गेला.

सात रस्त्याला उतरल्यावर कुठल्या रस्त्यानं जायचं हेच त्याला कळेना. टांगेवाला म्हणाला, "किधर जाना है, चाचा?" रेवणप्पा म्हणाला, "सरकाराकडं." टांगेवाल्यानं त्याला कचेरीच्या दारात सोडलं. बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा बसला होता. त्यानं काहीही न विचारता तिकीट लावलं आणि रेवणप्पा सांगेल तसं लिहिलं, की अर्जदार हा मौजे मंद्रूप इथला राहणारा असून वडलांपासून गाड्यांच्या शर्यतीतली पैज धरत आहे, तरी त्यास परवाना मिळावा.

आतला कारकून अर्ज वाचता वाचता थांबला. त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं. दोघांनी मिळून वाचला.

"पैज धरतोस म्हणजे काय करतोस?"

रेवणप्पानं सांगितलं. सांगताना गाठही दाखवली. आपण किती सरळपणे काम करतो ते कळावं, म्हणून बाभळीचंसुद्धा सांगितलं.

"अरे बाबा, तो कायदा घोड्यांचा आहे," कारकून म्हणाला. "तुझ्यासाठी जुगाराचा कायदा आहे. त्यात परवाना नसतो, तुरुंग असतो."

शेजारचा हसला. "मुद्देमाल खांद्यावर घेऊन स्वतः हजर झालेला आरोपी मी पहिल्यांदाच बघतोय. कुणाची पैज आहे ही? नावं सांग."

नावं काही रेवणप्पाच्या तोंडून आली नाहीत. "ते मला सांगता यायचं न्हाई, सायेब," तो म्हणाला. मग त्यानं अर्ज परत मागितला.

"परत? आता तो आवक झाला," कारकून म्हणाला. "साहेबांपुढं जाईल. बोलावणं येईल तेव्हा ये."

त्या दोघांनी संध्याकाळी घरी जाऊन बायकोला ही गंमत सांगितली असेल आणि तिथंच ती संपली असेल. पण ज्याची गंमत होते त्याला ती एवढ्यात संपवता येत नाही. रेवणप्पा परत आला तो निम्मा होऊन. खाकी रंग दिसला की तो दुकानाचं दार ओढून घेई. टपालवाला दोनदा दुकानावरून गेला, तर दोन्ही वेळा हा माळ्यावर चढून बसला. गिऱ्हाईक कासऱ्याची किंमत विचारी आणि हा भलत्याच मालाची सांगे. आपण स्वतःच्या पायानं जाऊन, तिकीट लावून, स्वतःवर फिर्याद ठोकून आलोय, हे त्याला कळून चुकलं होतं. आता एकच वाट उरली होती. बोलावणं यायच्या आत गाठ खांद्यावरून उतरली पाहिजे, आणि ती उतरवणारा शब्द हिंदुरावाच्या तोंडात होता.

तो हिंदुरावाच्या मळ्यात गेला. हिंदुराव बाशिंग्याला खरारा करत होता आणि त्याची मान खाजवता खाजवता काही पुटपुटत होता. रेवणप्पाला बघितल्यावर त्यानं खरारा थांबवला नाही.

"हिंदुराव, मला जेलात घालतील," रेवणप्पा म्हणाला. "कायदा झालाय. काय ते एकदा बोला."

"मी हरलो, असं तुजं म्हननं हाय?"

"मी कसं म्हनू? मी बगितलंच न्हाई."

"मग झालं तर. तू बगितलं न्हाईस, आनि मी हरलो न्हाई." मग हिंदुराव हळू आवाजात म्हणाला, "रेवणप्पा, मी तो शबूद उच्चारला की हे जनावर त्या वान्याच्या दावनीला जानार. तितं त्याला कोन चारनार? मला घास गिळंल का?" बैलानं त्याच्या मनगटाला जीभ लावली. रेवणप्पा मळ्यातून निघाला.

चन्नप्पाकडे तो दुकान बंद करायच्या वेळेला गेला. चन्नप्पा वयानं मोठा, रेवणप्पा त्याला अण्णा म्हणत असे.

"अण्णा, तुमीच सोडून द्या. मिटवा."

"मला बैल नको रेवणप्पा," चन्नप्पा शांतपणे म्हणाला. "बैल माझ्याकडं पैल्याचेच हायत. कंबरपट्ट्यासाठी काशम्मा रोज बोलती, ते बी मी ऐकून घेतो. त्यानं येऊन एकदा म्हणावं, हरलो. मी त्याच्या मागं लागलोय का? न्हाई. का? तर तुझ्या खांद्यावर गाठ हाय. ती हाय तवर मी हरलेलो न्हाई, एवढं सगळ्यांस्नी दिसतंय. मला तेवढं बास."

म्हणजे एकाला बैल सोडवत नव्हता आणि दुसऱ्याला आपला खरेपणा. आणि मधे रेवणप्पाचा खांदा.

बोलावणं आलं आषाढात. गावचा तराळ दुकानात येऊन म्हणाला, "रेवणप्पा, उद्या सोलापूरच्या कचेरीत जायाचं हाय तुमाला. सायबाचा हुकूम हाय." कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं. रेवणप्पानं विचारलंही नाही. त्याला वाटलं, आपल्याला माहीत आहे.

निंगव्वानं ऐकलं आणि ती खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "दोघांची नावं सांगून टाका. तुमचं काय त्यात? ज्येनी लावली त्यांस्नी धरू दे."

"खांद्यावर ठेवून घेताना मी काय त्यांस्नी इचारलं हुतं, की नाव सांगू का म्हणून?"

"मग ते उपरणं माझ्याकडं द्या. कणगीत पुरून ठेवते."

"खांद्यावरनं उतरलं की संपलं, निंगव्वा. उतरवायचंच, तर लपवायचं कशाला?"

हे तो सहज बोलून गेला. पण त्या वाक्यात एक वाट होती, आणि ती वाट त्याला दिसली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. आधी त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग त्याला बेड्या दिसल्या. पेठेतून चालत नेतील, चन्नप्पाच्या दुकानासमोरून, शाळेसमोरून. निंगव्वा मागं राहील, दुकानाला कुलूप. दोन्ही टोकांतलं ज्याचं त्याला देऊन टाकलं तर? कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. खांदा मोकळा. कचेरीत विचारलं तर दाखवायला रिकामं उपरणं. कुणाचं काय नुकसान होणार होतं? असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि इतक्यांदा विचारावं लागतंय म्हणजे उत्तर काय आहे, हे त्याला ठाऊक होतं.

उजाडल्यावर त्यानं अंघोळ केली, लिंगाची पूजा केली आणि दारात उजेडाला बसून उपरणं मांडीवर घेतलं. गाठ घामानं आणि धुळीनं दगड झाली होती. नखांनी सुटेना. चामड्याच्या कामाचा दाभण आणून त्यानं ती उकरून काढली. निंगव्वा चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं वळून बघितलं नाही.

हिंदुराव मळ्यातच सापडला. रेवणप्पानं त्याच्या हातावर शेंब्या ठेवल्या. हिंदुराव आधी त्यांच्याकडे बघत राहिला, मग रेवणप्पाच्या रिकाम्या खांद्याकडे. मग पाठ फिरवून तो गोठ्यात शिरला.

चन्नप्पा दुकान झाडून उंबऱ्यावर पाणी शिंपडत होता. कंबरपट्टा बघून त्यानं तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे मी हरलो?"

"न्हाई अण्णा."

"मग हिंदुराव येऊन बोलून गेला?"

"न्हाई."

"मग गाठ कुणी सोडली?"

रेवणप्पाला खोटं बोलायची सवय नव्हती. "मी सोडली. कचेरीतनं बोलावणं आलंय. मला भ्या वाटलं, अण्णा."

चन्नप्पानं त्याच्याकडे बघितलं. राग दिसला असता तर रेवणप्पाला बरं वाटलं असतं. चन्नप्पानं कंबरपट्टा घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाला, "भ्या वाटणारच. माणूस हायस." आणि तो पुन्हा पाणी शिंपडायला लागला.

कचेरीत रेवणप्पाला बाकावर बसवून ठेवलं. दारातला शिपाई नाव पुकारी, माणसं आत जात, बाहेर येत. एकाला दोन पोलीस घेऊन गेले तेव्हा रेवणप्पानं डोळे मिटून घेतले. उपरणं घडी करून काखेत धरलं होतं, उघड्या खांद्याला वारा लागत होता आणि तो सारखा हात तिकडे नेत होता. काय विचारतील, काय सांगायचं, हे त्यानं मोटारीत घोकून ठेवलं होतं. आपण आता पैज धरत नाही. हे बघा उपरणं. झडती घ्या.

त्याचं नाव पुकारलं. आत तोच कारकून होता. त्यानं कागदांच्या गठ्ठ्यातून अर्ज काढला, त्यावर लाल शाईची एक ओळ होती.

"तुझा अर्ज नामंजूर," कारकून म्हणाला. "बैलगाडीच्या शर्यतीला परवाना देण्याची कायद्यात तरतूद नाही. समजलं? समजल्याची सही कर. सही येत नसेल तर अंगठा."

रेवणप्पानं सही केली. मग तो तसाच उभा राहिला.

"आता काय?"

"सायेब... जेल?"

कारकुनाला आधी कळेना. मग आठवलं. "अरे हो, तू तो मुद्देमालवाला," तो हसून म्हणाला. "त्या दिवशी चेष्टा केली रे तुझी. साहेबांनी नुसती सही मारली, वाचलंसुद्धा नसेल. मंद्रूपच्या जत्रेत कोण कुणाशी पैज लावतो ते बघायला सरकार रिकामं बसलंय का? जा घरी."

सुटकेचा निरोप ऐकून माणसाचे पाय हलके व्हावेत. रेवणप्पाचे उचलेनात. कचेरीच्या पायऱ्यांवर तो बसून राहिला. आयुष्यात एवढा मोठा मूर्खपणा आपण केला नाही, असं त्याला वाटलं, आणि ते खरं होतं. आजचा एक दिवस थांबला असता तर? गाठ घेऊन आला असता, सही केली असती, गाठ घेऊन परत गेला असता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो ही म्हण त्यानं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, आणि ती आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून तो हसतही असे. आज हसू येत नव्हतं.

मोटारीत त्यानं ठरवलं, दोघांच्या पाया पडायचं. म्हणायचं, चुकलो, पुन्हा द्या, पुन्हा गाठ मारतो. दोघंही तसे भले आहेत. गावात पोचेपर्यंत त्याला थोडं बरंही वाटायला लागलं होतं.

तो बाजारचा दिवस होता. पेठ अजून भरलेली होती. रेवणप्पाच्या दुकानासमोर चारपाच माणसं उभी होती, ती त्याला बघून बाजूला झाली. दाराशी जोंधळ्याचं भरलेलं पोतं टेकवून ठेवलं होतं आणि त्याच्याशेजारी हिंदुरावाचा गडी कोंडीबा घाम पुसत बसला होता. पोतं त्यानं डोक्यावर घेऊन सगळ्या पेठेतून चालत आणलं होतं.

"मालकांनी धाडलंय," कोंडीबा मोठ्या तोंडानं म्हणाला. बिचारा खूश होता. "म्हनले, रेवणप्पानं माजा बैल राखला, त्याला इसरून कसं चालंल. चार म्हैनं पुरंल एवढा जोंधळा हाय. लई चांगला हाय."

रेवणप्पाला हसावं की रडावं कळेना. आजवर त्यानं सुपारी घेतली नव्हती. हिंदुरावाच्या मनात पाप नव्हतं, हे तर अजूनच वाईट. त्यानं खरोखरच मनापासून उपकार मानले होते. आणि बाजाराला आलेल्या मंद्रूपच्या, कुंभारीच्या, आणखी कुठल्या कुठल्या माणसांनी ते उपकार डोळ्यांनी बघितले होते. दोन आणि दोन चार करायला कुणाला कायदा वाचावा लागत नाही. सकाळी बैल सुटला, दुपारी पोतं आलं.

"परत ने," रेवणप्पा म्हणाला.

"मला ठेवायला सांगितलंय. परत न्हेलं तर मालक माजीच चामडी लोळवतील."

मग रेवणप्पा स्वतः वाकला. पोतं त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. कोंडीबानं घाबरून हात लावला, तेव्हा ते कसंबसं त्याच्या पाठीवर चढलं. तो पेठेतून निघाला. मान वर करता येत नव्हती, त्यामुळे त्याला फक्त पाय दिसत होते, वहाणा दिसत होत्या, आणि त्या बाजूला सरकत होत्या. चन्नप्पाच्या दुकानासमोर तो दम घ्यायला थांबला.

वरून चन्नप्पाचा आवाज आला. "सकाळी भ्या म्हणालास."

"भ्याच हुतं, अण्णा," पोत्याखालून रेवणप्पा म्हणाला.

दुकानात गिऱ्हाईक होतं, चन्नप्पाचा तराजू पुन्हा वाजायला लागला.

पोतं हिंदुरावाच्या ओसरीवर टाकून तो दिवेलागणीला परत आला. येताना पाय धुवायचंही त्याला भान नव्हतं. निंगव्वानं पाणी दिलं, पाठीला तेल लावलं. पोत्याचे वळ उठले होते. तेल चोळता चोळता ती त्याला समजावत राहिली. जेल टळला, दंड टळला, दुकान आहे, आपण आहोत. चार दिवस बोलतील लोक आणि विसरतील. पोतं परत नेऊन टाकलं हे पण बघितलंच की त्यांनी.

"नेताना न्हाई बगत कोण," तो म्हणाला. "आणताना बगतात."

पुढच्या जत्रेपासून पैज धरायला सोलापूरचा एक माणूस यायला लागला. तो रुपयामागं आणा घेई आणि शर्यत अगदी पुढं उभा राहून बघे. त्याला कुणी काही म्हणालं नाही. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी निंगव्वा एवढंच म्हणाली, "देवानं वाचवलं तुम्हाला. जेलात गेला असता तर मी काय केलं असतं?"

रेवणप्पा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिकडेच बघत तो म्हणाला, "जेलात गेलो असतो, तर कवा ना कवा परत तरी आलो असतो."